विळ्याची तीन पाती

एका घरातल्या तीन मुलांच्या नाळी मी एका रविवारी दुपारी खणून काढल्या, आणि त्यांच्याबरोबर पुरलेली लोखंडं म्हणजे पोर्तुगीज तलवारींची टोकं असं समजून घरी घेऊन आलो.

यात कुणाची फूस नव्हती. मी शुद्धीत होतो, पोटभर जेवलेलो होतो आणि माझ्याजवळ इलेक्ट्रॉनिक्सचा रीतसर डिप्लोमा होता. बिनशिकलेल्या माणसाला एवढी मोठी चूक जमलीच नसती. तिला थोडी विद्या लागते.

हे सगळं आठवायला मला ऑक्टोबर पुरतो. पाऊस निरोपही न घेता निघून गेलेला असतो. ऊन एकदम अंगावर येतं. रस्त्याकडेचं कमरेएवढं वाढलेलं गवत शेंड्याकडून पिवळं पडायला लागतं, त्यावर चतुर भिरभिरत असतात, आणि खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याला चिखल आणि मीठ यांचा एक ओलसर, किंचित कुजका वास असतो. इथे राहणाऱ्या माणसाला तो वास आवडतो असं म्हणवत नाही, पण तो नसला तर चुकल्यासारखं होतं. या दिवसांत जमीन काही काळ फार समजूतदारपणे वागते. चिखल उरलेली नसते आणि दगडही झालेली नसते. पहार टेकवली की ढेकूळ अलगद सुटतं, आत हात घातला तर गार लागतं. हे शेतकऱ्यांना ठाऊक असतं, घुशींना ठाऊक असतं, आणि नव्वदच्या दशकातल्या एका ऑक्टोबरात ते मलाही ठाऊक होतं.

परवा वाशीच्या एका मॉलच्या दारात सिक्युरिटीवाल्याने ते काळं दांडकं माझ्या अंगावरून फिरवलं. कमरेपाशी ते ओरडलं.

"काका, काय आहे खिशात?"

"चाव्या."

त्याने मान हलवून पुढे जायला सांगितलं. मी तिथेच उभा. केवढा सभ्य आवाज होता त्या दांडक्याचा! एकदा ओरडून गप्प बसलं. माझं यंत्र सतत विव्हळायचं, आणि धातू सापडला की निराळ्या सुरात विव्हळायचं. मागे माणसं खोळंबली तेव्हा सुधाने, म्हणजे माझ्या बायकोने, कोपराने ढोसलं. "चला आता. इथे फरशी आहे, खणता यायची नाही."

तीस वर्षं होत आली, ती विसरायला तयार नाही.

ते यंत्र मी घरी बनवलं होतं. तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असणाऱ्यांसाठी मासिकं निघायची. दर अंकात कसलं ना कसलं सर्किट. टाकी भरली की वाजणारी घंटी मी केली होती. ती टाकी रिकामी असतानाही वाजायची. डास पळवणारं यंत्र केलं होतं; डास त्याच्यावर बसायचे. मग एका अंकात जमिनीखालचा धातू शोधणारं सर्किट आलं आणि माझी झोप उडाली. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणले. तांब्याच्या तारेचं वेटोळं गुंडाळायला गोल काहीतरी हवं होतं, म्हणून सुधाची भरतकामाची रिंग घेतली. रिंगमध्ये अर्धवट भरलेला मोर होता. तो मी नीट घडी करून ठेवला असं मला आठवतं. तिला तसं आठवत नाही. दांड्याला जळमटं काढायच्या झाडूचा बांबू, सर्किटला साबणाचा डबा, कानाला वॉकमनचा हेडफोन. यंत्र तयार झालं तेव्हा ते साफसफाईला निघाल्यासारखं दिसत होतं.

पहिली चाचणी घरातच घेतली. यंत्र हॉलमध्ये ओरडलं, बेडरूममध्ये ओरडलं, मोरीत ओरडलं. मला वाटलं बिघडलं. मग लक्षात आलं, आमची जमीन म्हणजे खालच्या कुलकर्ण्यांचं छत, आणि त्यात नुसत्या सळया. नेरुळच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाच्या पायाखाली माती नसते, ही साधी गोष्ट तोवर माझ्या ध्यानातच आली नव्हती. सोसायटीच्या आवारात उतरलो तर ती सगळी भरावाची जमीन. तिथे मला बांधकामाचे वाकडे खिळे सापडले आणि सेक्रेटरीला मी सापडलो.

सुधाला तेव्हा पाचवा महिना होता. ती गॅलरीत खुर्ची टाकून हे सगळं वरून बघायची आणि पोटावर हात ठेवून म्हणायची, "बघून घे बाळा. हे तुझे बाबा."

मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात नोकरीला होतो. तिथे दाबमापक बनायचे. आमच्या खात्यात विलास म्हात्रे नावाचा फिटर होता, तळवलीचा, मूळ गाववाला आगरी. जेवणाच्या सुट्टीत माझ्या यंत्राची कहाणी ऐकून तो म्हणाला, "सायेब, सोसायटीत काय घंटा भेटनार? आमच्या बंगल्यावर या. लय जुना हाय. गोरा सायेब राहायचा."

गावात त्याला 'मिठाचा बंगला' म्हणत. मिठागरांवर देखरेख करणाऱ्या कुणा इंग्रज अधिकाऱ्यासाठी तो बांधला होता म्हणे. काळ्या दगडाचा उंच चौथरा, वर मंगलोरी कौलं, खिडक्यांना शिसवी गज, आणि मागे मोठं आवार. आवारात एक विहीर, एक थोराड चिंच. साहेब गेल्यावर बंगला विलासच्या पणजोबाकडे आला. कसा आला, याच्या तीन कथा होत्या आणि तिन्ही विलासच सांगायचा. चौथऱ्यावर उभं राहिलं की एकीकडे कारखान्यांची धुराडी, दुसरीकडे नव्या इमारतींचे सांगाडे, आणि मधे कुठे कुठे चुकून राहिलेले भाताचे पिवळे तुकडे दिसत. बाकीची शेतं नव्या शहराखाली गेली होती. माझा फ्लॅटही कुणाच्या तरी भातावरच उभा असणार. पण तेव्हा माझं लक्ष जमिनीच्या खाली होतं. वर काय गेलं याचा विचार करायला सवड नव्हती.

बंगल्याची मालकीण विलासची आई, चांगुनाबाय. पन्नाशीची, सडसडीत, नऊवारी गुडघ्याच्या वर खोचलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. पहिल्या दिवशी तिने मला यंत्रासकट वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ह्यो काय झारू मारायला आयलाय?"

"नाय गं आये, शोधायला. जमिनीखालचं जुनं सामान दिसतं त्याला."

"माज्या दोन घमेल्या हरवल्यात. त्या शोद म्हनावं." मग मला म्हणाली, "खन बाबा, खन. पन त्या चिंचेच्या पलीकरं जाऊ नको."

का, ते तिने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मी फक्त चिंचेकडे पाहिलं.

पहिले दोन रविवार मी चिंचेच्या अलीकडे सज्जनासारखा राबलो. सोड्याच्या बाटल्यांची बुचं, दाराची बिजागरी, सायकलची घंटी, तेलाच्या डब्याचं झाकण. एक घमेलंही सापडलं, बूड गेलेलं, चांगुनाबायने ते माझ्या हातून घेतलं आणि "दुसरा?" असं विचारलं. एकदाच खरोखरची जुनी वस्तू मिळाली: पितळी बटण, त्यावर झिजलेला मुकुट. ते तळहातावर घेऊन मी विहिरीच्या कठड्यावर कितीतरी वेळ बसलो होतो. कुणी साहेब या उन्हात घामाघूम होऊन कोटाची बटणं सैल करत असेल, एक तुटून मातीत पडलं असेल, त्याने चरफडत शोधलं असेल. विहिरीत पारवे घुमत होते. वाऱ्यावर कुठून तरी सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येत होता. इतिहास असा बोटाच्या पेराएवढा असतो आणि तो हातात आला की माणूस बिघडतो. मी बिघडलो. मला मोठा इतिहास हवासा झाला.

तिसऱ्या रविवारी नवरात्र चालू होतं. चांगुनाबाय लेकीकडे सारसोळ्याला गेली होती. विलास मला आवारात सोडून गावच्या देवीच्या मंडपाकडे गेला. आवारात मी, यंत्र आणि चिंच. एवढ्या मोठ्या जागेत एका बाईने एवढ्याच तुकड्यावर जायला मनाई का करावी? डिप्लोमाधारक डोक्याने हा प्रश्न विचारला आणि त्याच डोक्याने उत्तर दिलं.

चिंचेच्या पलीकडे, मागच्या भिंतीशी, तीन सपाट दगड एका रांगेत होते. सारख्या अंतरावर. प्रत्येकावर यंत्र न्यावं तर सूर चढायचा, बाजूला घ्यावं तर उतरायचा. माझ्या कानात अक्षरशः सनई वाजत होती. रांगेत दगड म्हणजे थडगी. थडग्यात धातू म्हणजे सैनिक. खाडीकाठचे सैनिक म्हणजे पोर्तुगीज. इतक्या वेगाने मी आयुष्यात दुसरा कुठलाच निष्कर्ष काढलेला नाही. दगड बाजूला केले, खणलं. प्रत्येक खड्ड्यात फुटक्या गाडग्याची खापरं निघाली, ती 'प्राचीन वस्ती' म्हणून रुमालात बांधली. आणि प्रत्येक खड्ड्यात एक वाकडं, गंजून पापुद्रे सुटलेलं पातं.

रात्री जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी ती तिन्ही पाती रॉकेलमध्ये बुडवली आणि पॉलिश पेपरने घासघासून लखलखीत केली. सुधा वरणाचं पातेलं घेऊन उभी राहिली.

"विळे आहेत हे."

"तलवारीची टोकं आहेत. वाक बघ."

"वाकच बघतेय. आमच्या साताऱ्याकडे प्रत्येक घरात अशा तलवारी आहेत. बायका त्यांनी गवत कापतात."

"तू इतिहास वाचलेला नाहीस."

"मी गवत कापलेलं आहे," असं म्हणून तिने पातेलं पात्यांच्या शेजारीच आपटलं.

सोमवारी मी एक पातं रुमालात गुंडाळून कारखान्यात नेलं आणि विलासला अभिमानाने दाखवलं. त्याचा चेहरा उतरला. असा उतरला की मशीन बंद पडल्यावर सुपरवायझरचासुद्धा उतरत नाही.

"सायेब, ह्ये कुठून काढलंत?"

"चिंचेच्या पलीकडून."

"तिन्ही?"

"तिन्ही."

तो स्टुलावर बसला. "आमच्या नाली हायेत त्या," तो म्हणाला. "रामदासची, मंदाची आनि माजी."

त्याने सांगितलं ते असं. त्यांच्या घरात मूल जन्मलं की त्याची नाळ आणि वार गाडग्यात घालून आवारात पुरतात. त्यावर हळद, मूठभर मीठ. आणि त्या वर्षी ज्या विळ्याने घरचं भात कापलं, त्याचं पातं मोडून सोबत ठेवतात. वर सपाट दगड. मग मूल मोठं होऊन कुठेही गेलं, तरी त्याचं बूड त्या घरात राहतं, ते परत येतं, अशी चांगुनाबायची समजूत. समजूत हा शब्द माझा. तिच्या लेखी तो विहिरीच्या पाण्याइतका साधा व्यवहार होता.

"आये आज सांच्याला येनार हाय," विलास म्हणाला. "तुमीच या. मी नाय सांगनार तिला."

मी गेलो. तिन्ही पाती पिशवीत, खापरं रुमालात. संध्याकाळचं ऊन कौलांवरून उतरून आवारात तिरकं पडलं होतं आणि त्यात ते तीन खड्डे तोंड उघडून बसले होते. चांगुनाबाय त्यांच्याशी उकिडवी बसलेली. ती ओरडेल, शिव्या देईल अशी तयारी करून मी गेलो होतो. तिने फक्त पिशवीत हात घातला, पाती बाहेर काढली, उलटीसुलटी केली.

"कोनचा कोनच्या खड्ड्यातला?"

आणि मला सांगता येईना. मी सगळी एकाच वर्तमानपत्रावर मांडली होती, एकाच डब्यात बुडवली होती. गंजावरून वय तरी कळलं असतं, थोरल्याचं पातं जास्त खाल्लं गेलेलं असणार. तो गंज मी रात्री जागून साफ केला होता.

"मंदाचं नि विलासचं काय नाय," ती म्हणाली. "ती माज्या डोल्यासमोर हायेत. रामदासचा कोनचा, त्येवराच सांग."

रामदास थोरला. त्याला बंगला पाडून चार मजली इमारत उठवायची होती. आईने सांगितलं, मी मेल्यावर पाड. त्यावर तो म्हणाला, मग तू मेल्यावरच येईन, आणि चपला घालून निघाला. दोन दसरे झाले, आला नव्हता. आणि गेला होता कुठे, तर वाशीला, कांदा-बटाट्याच्या मार्केटमध्ये. एका बसच्या अंतरावर. समुद्रापार गेला असता तर आईला कदाचित सोपं गेलं असतं. इथे तिला तो रोज दिसू शकत होता आणि दिसत नव्हता. तिने निरोप धाडले, देवीला बोलली, स्वतः एकदा मार्केटच्या फाटकापर्यंत जाऊन परत आली. काही हललं नाही तेव्हा तिने आपला सगळा भरवसा त्या एका दगडाखाली ठेवला होता. आणि तो दगड मी उचलला होता.

"दसऱ्याच्या आत परत जागच्या जागी गेला पायजे," ती म्हणाली. "चुकीच्या खड्ड्यात नाय. त्याच्याच."

पुढचे दिवस मी कारखान्यातून थेट तळवलीला जायचो. सुधाला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. हेच वाईट होतं. ती म्हणाली, "त्यांच्या मुलाचं नीट करून या," आणि पोटावरचा हात तसाच ठेवून आत गेली.

मी शास्त्र लावलं. पात्यांची लांबी मोजली, वजन केलं. खड्ड्यांच्या तळाशी गंजाचे तांबूस ठसे उरले होते, त्यात पाती बसवून पाहिली. तिन्ही पाती तिन्ही ठशांत बसायची, कारण तिन्ही विळे एकाच लोहाराचे. मग यंत्र आणलं. प्रत्येक खड्ड्यात प्रत्येक पातं ठेवून सूर ऐकला. काय ऐकू येईल असं मला वाटत होतं देव जाणे. चांगुनाबाय चौथऱ्यावर सुकट निवडत बसलेली असायची. बांगड्यांचा आवाज आणि सुपाचा आवाज. एकदा तिने विचारलं, आणि त्यात टोमणा अजिबात नव्हता:

"त्या यंत्राला कलतं का रं, माजा पोरगा कोनचा?"

मी हेडफोन काढला. "नाही मावशी. त्याला फक्त लोखंड कळतं."

"मंग र्‍हाऊ दे," ती म्हणाली. तरी मी थांबत नव्हतो आणि तीही मला थांबवत नव्हती. कुणीतरी आपल्या मुलासाठी माती उकरतंय, एवढ्याचाच तिला आधार वाटत असावा. चहा मात्र रोज द्यायची. पहिल्या दिवशी बशीत, मग कपात.

आता मागे वळून बघताना वाटतं, आम्ही सगळेच तेव्हा कुठून कुठून उपटून आणून त्या शहरात रोवलेलो. आमच्या शेजारी रत्नागिरी, समोर सोलापूर, खाली कुलकर्णी कुठलेच नाहीत असे. संध्याकाळी सगळे आपापल्या गॅलऱ्यांत तुळशी घेऊन उभे, माती कुंडीपुरती. माझी नाळ गिरगावातल्या चाळीच्या कुठल्या गटारात गेली कोण जाणे. मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. त्या खड्ड्याशी गुडघे टेकून बसल्यावर पहिल्यांदा वाटलं, आणि वाटतंय हे कुणाला कळू नये म्हणून मी यंत्राचा आवाज वाढवला.

खंडेनवमीचा दिवस. गावात घरोघर कोयते, पहारी, रिक्षा, टेम्पो धुऊन पुसून त्यांना झेंडू वाहिलेले. मी कारखान्यातली पूजा उरकून आलो होतो, हातात पेढा होता. पेढा विहिरीच्या कठड्यावर ठेवला, हेडफोन लावला आणि मधल्या खड्ड्यात वाकलो. त्यामुळे टेम्पो आल्याचं मला ऐकू आलं नाही. फाटक उघडल्याचं ऐकू आलं नाही. मला दिसल्या त्या फक्त चपला, कांद्याच्या सालींची धूळ बसलेल्या, आणि मग कुणीतरी कॉलर धरून मला खड्ड्यातून उपटलं.

पुढचं समजायला हे सांगायला हवं: विलासने बहिणीला फोन केला होता. मंदाने सारसोळ्याहून मार्केटला निरोप धाडला. मार्केटमध्ये पोचेपर्यंत तो निरोप असा बदलला होता की कुणी सरकारी माणूस यंत्र घेऊन आलाय, जमीन घ्यायच्या आधी गाववाल्यांच्या नाळी उपटून काढतोय. रामदास हातातला काटा टाकून दोन सातारकर हमालांसकट निघाला होता.

"कोन रं तू? माजी नाल खनतोस? माजी?"

माणसाने अशा वेळी माफी मागावी, नाहीतर पळावं. मी खरं उत्तर दिलं.

"तुमची कुठली, ते अजून नक्की झालेलं नाही."

दोघा हमालांपैकी एकाने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. रामदासने हात उगारला. तेवढ्यात चौथऱ्यावरून आवाज आला.

"चपला कार आदी."

चांगुनाबाय खांबाला धरून उभी होती. खाली आली नाही. आवाज नेहमीसारखाच, घमेलं कुठे आहे विचारावं तसा.

"चपला कार म्हनते. कुठं उबा हायेस बघ. तुजी जागा हाय ती."

रामदासचा हात वरच राहिला. त्याने खाली पाहिलं. तीन खड्डे, कडेला रचलेली खापरं, मीठ-हळदीची ताटली झाकून ठेवलेली. मग त्याने माझी कॉलर सोडली आणि एका पायाने दुसऱ्या पायाची चप्पल काढली. आई मेल्यावरच येईन म्हणालेला माणूस अनवाणी त्या गार मातीत उभा राहिला. पायाची बोटं जराशी आत रुतली. चिंचेची बारीक पानं आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवर सारखीच पडत होती.

"कोनचा माजा?" त्याने शेवटी विचारलं, आईकडे न बघता.

"ह्या शान्याने घासून टाकली. कलत नाय."

रामदास उकिडवा बसला. तिन्ही पाती त्याने हातात घेतली, आणि त्यातलं एक उचललं. "ह्यो माजा."

"कशावरून?" मी विचारलं. खरंच विचारलं. शास्त्र इतक्या लवकर सुटत नाही.

"माजा म्हनलं ना!" तो खेकसला. आणि त्याने ते पातं पहिल्या खड्ड्यात ठेवलं, दोन्ही हातांनी माती लोटली. मागून नाक ओढल्याचा आवाज आला. चांगुनाबाय खाली कधी आली ते मला कळलं नव्हतं. तिने मीठ त्याच्या ओंजळीत दिलं, स्वतः टाकलं नाही.

बंगला पुढे पडला. एवढं सांगितलं नाही तर हा लेख फारच गोड होईल. भांडणं झाली, दसऱ्याला रामदास जेवला आणि दिवाळीला पुन्हा रुसला, पण चपला घालून गेला तो चपला काढायला परत येत राहिला. काही वर्षांनी तिथे चार मजली इमारत उभी राहिली. मागची चिंच आणि भिंतीलगतचा पट्टा मात्र त्याने कुणाला शिवू दिला नाही. आजही तिथे गाड्या उभ्या करायच्या नाहीत, असा त्याचा दम आहे. चांगुनाबाय पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून त्या पट्ट्यावर नजर ठेवायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हा ती गॅलरी ओळखीच्या प्रत्येकाला एकदम मोठी वाटायला लागली.

तिथे दगड आता चार आहेत.

त्या ऑक्टोबरानंतरच्या फेब्रुवारीत वाशीच्या एका नर्सिंग होममध्ये आमची मुलगी झाली. नर्सबाईंनी विचारलं, "वार नेणार का? काही लोक नेतात." मी उत्तर द्यायच्या आत सुधा बिछान्यावरून म्हणाली, "नेणार. जागा आहे आमची." आमची कुठली जागा, हे मला रिक्षात बसल्यावर कळलं.

स्टीलचा डबा मांडीवर धरून मी तळवलीला गेलो. आवारातली जमीन तोवर दगड झाली होती. चौथा खड्डा रामदासने पहारीने फोडला, मला हात लावू दिला नाही. चांगुनाबायने नवं गाडगं आणलं होतं. हळद झाली, मीठ झालं. मग तिने हात पुढे केला. "लोखंड?"

विळा मी कुठून आणणार? आम्ही तांदूळ दुकानातून आणणारी माणसं. मी खिशातून माझा स्क्रू-ड्रायव्हर काढला, लाकडी मुठीचा, कारखान्यात पहिल्या दिवसापासून वापरलेला. "यानेच आमचं पोट भरतं, मावशी."

तिने तो उन्हात धरून पाहिला, बोटाने टोक चाचपलं. "चालल," म्हणाली, आणि मूठ वर येईल असा नीट उभा रोवला.

माती लोटली. दगड बसला. सुधाने तो अर्धा राहिलेला मोर पुरा करून त्याचं दुपटं शिवलं होतं, त्यात गुंडाळलेली मुलगी मला डोळ्यांपुढे दिसत होती आणि मला एकाएकी भीती वाटली की ही जागा मी विसरेन, पाऊस येईल, दगड सरकेल. मी टेप काढली. चिंचेपासून अंतर घेतलं, भिंतीपासून घेतलं, विहिरीच्या कठड्याला टेप लावायला वळलो. रामदास पहारीवर रेलून बघत होता. चांगुनाबायने हात झटकले, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली,

"जल्ला, मोजतोस कशाला? तिची ती येल बरोबर. तू फकस्त परत खनू नको."